ग्रॅव्हिटी स्प्रे गनचं डिझाइन: फवारा मधून फाटतो, एका टोकाला जड पडतो. आधी काय बदलावं?

यंत्ररेखा

नमस्कार मंडळी. वर कप असलेली, हवा आणि रंग कॅपच्या (नोझलभोवतीची हवेची टोपी) बाहेर भेटतात अशा प्रकारची स्प्रे गन डिझाइन करतोय. पहिला नमुना लेथवर तयार झाला आहे, पण फवारा नीट येत नाही. ड्रॉइंगमधली मापं देतो:

नोझलचं भोक १.४ मिमी, नोझलच्या टोकाचा बाहेरचा व्यास ३.० मिमी. कॅपचं मधलं भोक ३.४ मिमी. हॉर्नमध्ये (कॅपची पुढे आलेली दोन शिंगं) प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण चार भोकं, प्रत्येक २.० मिमीचं. कॅपच्या तोंडावर बाकी भोकं नाहीत. नोझलचं टोक कॅपच्या तोंडाशी बरोबर समपातळीत. कॅपला आतून आटे आहेत आणि ती थेट बॉडीवर फिरवून बसते. बॉडीत हवेचा मार्ग ५ मिमीचा, त्यात काटकोनाची दोन वळणं. ट्रिगर दाबला की हवेचा व्हॉल्व्ह आणि नीडल (नोझलचं भोक बंद करणारी सुई) एकदमच उघडतात.

इनलेटला २ बार. रंग फोर्ड कप नंबर ४ (रंगाचा घट्टपणा मोजायचा तळाला भोक असलेला कप) मधून २० सेकंदांत उतरतो.

दिसतं ते असं: पट्टा डंबेलसारखा, दोन्ही टोकांना रंग आणि मध्ये जवळजवळ कोरा. त्यातही वरचं टोक खालच्यापेक्षा जड. ट्रिगर ओढताक्षणी पहिले दोन-चार मोठे थेंब थुंकल्यासारखे पडतात. अधूनमधून कपात बुडबुडे येतात.

शेवटी ती एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) म्हणून, म्हणजे कॅपपाशी ०.७ बारवर चालायला हवी आहे. सुरुवात कुठून करू? बॉडी बदलायची वेळ आली तर खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय.

---

हवेचा_हिशेब

सुरुवात कॅपपासून करा, बॉडी सगळ्यात शेवटी. स्प्रे गन बाहेरून बॉडीसारखी दिसते, पण तिचं काम ठरतं नोझल आणि कॅप यांच्यामधल्या फटीत. ती फट आणि हॉर्नची भोकं यांचं क्षेत्रफळ ठरलं की हवा किती लागेल ते ठरतं, आणि मग बॉडीतले मार्ग त्या हवेला पुरतील एवढे करायचे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हा क्रम उलटा झालेला दिसतो.

तुमचाच हिशेब मांडू. मधली फट: ३.४ चा वर्ग वजा ३.० चा वर्ग, गुणिले ०.७८५. आले २ चौमिमी. हॉर्नची चार भोकं: ४ गुणिले २.० चा वर्ग गुणिले ०.७८५, म्हणजे साडेबारा चौमिमी. मधल्या हवेच्या सहापट हवा बाजूंनी येऊन रंगाच्या धारेवर आदळते. मधल्या हवेने धार अजून फोडलेलीही नसते, तोवर हॉर्नची हवा तिला मधोमध चिरते. डंबेल तिथून आलं. फॅनचा नॉब (हॉर्नची हवा कमी-जास्त करणारा) बराच बंद केलात तर डंबेल आत्ताही कमी होईल, पण तो इलाज नव्हे. मधली फटच अपुरी आहे.

आता ०.७ बारला काय लागतं ते पाहा. हवेचा प्रवाह भोकात ध्वनीच्या वेगाला अडतो तो बाहेरचा दाब आतल्या निरपेक्ष दाबाच्या ०.५२८ पट किंवा कमी झाला की. बाहेर वातावरण असेल तर आत साधारण ०.९ बार गेज, म्हणजे वातावरणाच्या वर मोजलेला दाब. ०.७ बार याच्या खाली आहे, म्हणून एचव्हीएलपी कॅपमध्ये हवा अडत नाही. २७ अंशांच्या हवेला ०.७ बारवर बाहेर पडताना साधारण २९० मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो आणि आदर्श हिशेबात दर चौमिमीमागे मिनिटाला २० लिटर मोकळी हवा जाते. प्रत्यक्षात भोकाच्या कडा, आतला खरबरीतपणा धरून ०.८५ ने गुणा: १७ लिटर. हेच कॅपपाशी २ बार ठेवलेत तर दर चौमिमीमागे आदर्श ३५ लिटर जातात. कमी दाबावर तितकीच हवा हवी तर क्षेत्रफळ वाढवावंच लागतं, एवढा साधा मुद्दा आहे.

माझी शिफारस, सुरुवातीची म्हणून:

नोझलच्या टोकाचा बाहेरचा व्यास २.४, कॅपचं मधलं भोक ४.२: फट ९.३ चौमिमी.
कॅपच्या तोंडावर चार मदतीची भोकं ०.८ मिमीची: २ चौमिमी.
हॉर्नची चार भोकं १.६ मिमीची: ८ चौमिमी.

एकूण साधारण १९.३ चौमिमी, म्हणजे मिनिटाला ३३० लिटरच्या आसपास मोकळी हवा. कॉम्प्रेसरने ही हवा सलग द्यायला हवी, टाकी भरलेली असताना दोन मिनिटं नव्हे.

टोकाचा व्यास २.४ का केला तेही सांगतो. भोक १.४ आणि बाहेर ३.० म्हणजे टोकाच्या ओठाची जाडी ०.८ मिमी. एवढ्या जाड ओठासमोर हवेची सावली पडते, रंग तिथे गोल फिरतो, ओठावर चढतो, सुकतो आणि मग फवारा तिरका करतो. ओठ ०.५ पर्यंत आणलात की हवा रंगाला थेट भिडते. त्याहून पातळ केलात तर फडकं लावतानाच ओठ दुमडेल.

मदतीची भोकं अजिबात वगळू नका. छोटी दिसतात, पण हॉर्नची हवा धारेला गाठण्याआधी तिचा जोर थोडा कापतात आणि कॅपच्या तोंडावर रंग उलटा येऊन बसू देत नाहीत.

थेंब किती बारीक होतील याचा अंदाज वेबर अंकावरून येतो: हवेची घनता गुणिले सापेक्ष वेगाचा वर्ग गुणिले थेंबाचा व्यास, भागिले रंगाचा पृष्ठताण. कमी घट्ट द्रवाचा थेंब हा अंक १२ च्या वर असला की फुटतो. हवा १.२ किलो प्रति घनमीटर, पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर आणि सापेक्ष वेग १०० मीटर प्रतिसेकंद धरा: ३० मायक्रॉनच्या थेंबाला अंक बरोबर १२ येतो. म्हणजे वेग १०० पर्यंत उतरला की ३० मायक्रॉनच्या खालचे थेंब पुढे फुटत नाहीत. हवेचा वेग कॅपपासून काही मिलिमीटरांतच घसरू लागतो, त्यामुळे फुटण्याचं जवळजवळ सगळं काम नोझलच्या तोंडाशीच उरकलं पाहिजे. रंग घट्ट असेल तर हा हिशेबही आशावादी ठरतो, कारण चिकटपणा फुटण्याला विरोध करतो.

---

लेथ_आणि_रीमर

वरच्या हिशेबाशी सहमत. पण नुसती मापं बदलून वरचं टोक जड पडायचं थांबणार नाही. त्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: कॅप आट्यांवर बसते.

आटे कधीही केंद्र धरत नाहीत. आट्यांना फिरायला ढिलाई लागते आणि घट्ट करताना कॅप एका बाजूला सरकते. समजा ती ०.१ मिमी सरकली. तुमची फट एका बाजूला ०.२ मिमी आहे. मग वर ०.१ आणि खाली ०.३: तिप्पट फरक. रंग कमी हवेच्या बाजूला झुकतो आणि ते टोक जड होतं. नव्या मापात फट ०.९ मिमी, म्हणजे तेवढीच चूक ०.८ आणि १.० अशी वाटली जाईल. सुधारणा मोठी, पण पंचवीस टक्के फरक राहिलाच.

म्हणून कॅप दोन तुकड्यांची करा. एक खुद्द कॅप, आटे नसलेली. दुसरी तिला मागे दाबून धरणारी रिंग, जिला आटे आहेत. कॅपच्या पाठीला शंकू घ्या आणि तो नोझलच्या खांद्यावरच्या शंकूवर बसू द्या. रिंगने फक्त दाबायचं, जागा शंकूने ठरवायची. रिंग आणि कॅप यांच्यात थोडी मोकळीक मुद्दाम ठेवा, नाहीतर रिंग पुन्हा कॅपला ओढेल. याने आणखी एक सोय होते: रिंग ढिली करून कॅप उभी-आडवी फिरवता येते.

करताना क्रम सांभाळा. कॅपचं मधलं भोक आणि पाठीचा शंकू एकाच पकडीत. काम चकमधून काढून पुन्हा धरलंत की समकेंद्रीपणा गेला. नोझलचंही तसंच: आधी १.४ चं भोक ड्रिल करून रीमर, मग त्याच पकडीत बाहेरचं टोक आणि खांद्याचा शंकू. पाठीमागचे आटे दुसऱ्या पकडीत झाले तरी चालतील. जोडणी करून डायलने पाहा. नोझलचं टोक आणि कॅपचं भोक यांच्या मध्यरेषांत ०.०२ मिमीपेक्षा जास्त अंतर राहू देऊ नका.

हॉर्नच्या भोकांना फिक्स्चर लागतंच. समोरासमोरच्या दोन भोकांच्या रेषा गनच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळायला हव्यात. एक रेषा वर आणि दुसरी खाली गेली तर धार पिळली जाते आणि पट्टा तिरपा, इंग्रजी एस अक्षरासारखा पडतो. व्यासाचं तर विचारू नका: एक भोक १.६ आणि समोरचं १.७ झालं तर हवा तेरा टक्क्यांनी वाढते आणि पट्टा केळ्यासारखा वाकतो. ड्रिल बोथट झाला की बदला, चारही भोकं एकाच ड्रिलने मारा आणि आतल्या तोंडाचा बर (ड्रिलमुळे उरलेली धातूची कड) सगळीकडे सारखाच काढा. धारदार कडेच्या भोकातून जाणारी हवा आणि गोलाई दिलेल्या भोकातून जाणारी हवा यांत व्यास तोच असूनही खूप फरक पडतो. तीन भोकांचा बर काढला आणि चौथ्याचा राहिला, तर डोळ्यांना काही दिसणार नाही, फवाऱ्याला दिसेल.

धातू: कॅप पितळेची, वर निकेल. नोझल आणि नीडल स्टेनलेसची, कारण पाण्याचे रंग वापरायचे झाले तर रंगाच्या वाटेत उघडं अॅल्युमिनियम नको.

आणखी एक. नोझल आणि बॉडी यांच्यामध्ये हवा पसरवणारी रिंग ड्रॉइंगमध्ये दिसली नाही. हवा एका वाटेने येते आणि त्याच बाजूने फटीत शिरते. बारीक भोकांची रिंग टाका, भोकांचं एकूण क्षेत्रफळ मधल्या फटीच्या निदान तिप्पट. ती मधली हवा आणि हॉर्नची हवा वेगळीही करते आणि चहूबाजूंनी सारखी वाटते.

---

यंत्ररेखा

दोघांचेही आभार. कॅप आणि नोझल नव्याने काढतो. दोन शंका.

एक: इनलेटला २ बार आहेत आणि कॅपपाशी ०.७ हवेत. म्हणजे दाब कुठेतरी पाडायचाच आहे. मग तो ५ मिमीच्या मार्गातच पडला तर काय बिघडलं? बॉडी वाचेल.

दोन: नोझलचं टोक कॅपच्या किती बाहेर ठेवायचं?

---

हवेचा_हिशेब

पहिली शंका चांगली आहे, आणि इथेच बऱ्याच डिझाइनमध्ये गफलत होते. अरुंद मार्गात पडणारा दाब स्थिर नसतो. तो प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. फॅनचा नॉब बंद केलात की हॉर्नची ८ चौमिमी बंद होतात, प्रवाह साठ टक्क्यांच्या आसपास येतो, मार्गातली घट साधारण एक तृतीयांश होते आणि कॅपपाशी दाब एकदम वर उडतो. म्हणजे वापरणारा पट्टा बारीक करायला जाणार आणि त्याच्या नकळत मधल्या हवेचा दाबही बदलणार. दाब रेग्युलेटरने पाडायचा, बॉडीने नाही.

आकडे बघा. ३३० लिटर हवा, २ बार गेज, ५ मिमीचं भोक: वेग साधारण ९४ मीटर प्रतिसेकंद, आणि काटकोनाच्या एका वळणाला साधारण ०.१६ बार जातात. ८ मिमी केलंत तर वेग ३७ आणि त्याच वळणाला ०.०२५ बार. ८ मिमीच्या बॉडीला मग इनलेटला १ बारच्या आसपास पुरतो. पाइपसुद्धा आतून ८ मिमी किंवा जास्त घ्या आणि झटपट जोडणीचा कपलर मोठ्या प्रवाहाचा. सगळी मेहनत एका अरुंद कपलरमध्ये वाया गेलेली असते.

बॉडी आजच टाकू नका. तूर्त ५ मिमीवरच कॅपची चाचणी होऊ शकते, फक्त दाब कॅपपाशी मोजा. त्यासाठी एक जादा कॅप घ्या, मधल्या हवेच्या कोठीत आणि हॉर्नच्या कोठीत एकेक बारीक भोक पाडून दोन गेज जोडा, ० ते १.६ बारचे. ट्रिगर पूर्ण दाबून, फॅन पूर्ण उघडा ठेवून इनलेट असा लावा की दोन्हींपैकी कोणताही गेज ०.७ च्या वर जाणार नाही. एचव्हीएलपीची व्याख्या कॅपपाशीच्या दाबावर आहे, ०.१ ते १० पीएसआय (१० पीएसआय म्हणजे सुमारे ०.७ बार). हँडलखालचा गेज तिथलं काही सांगत नाही.

दुसऱ्या शंकेला एकच आकडा देणार नाही, कारण तो फटीवर आणि टोकाच्या शंकूवर ठरतो. समपातळीपासून सुरू करा, नोझलच्या खांद्यामागे ०.१ मिमीच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालत ०.६ पर्यंत बाहेर आणा. प्रत्येक पायरीला एक पाहणी: कपाऐवजी पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या पाण्यात सोडा आणि हवा चालू करून नीडल उघडा. नळीत पाणी किती वर चढतं ते मोजा. १०० मिमी चढलं म्हणजे नोझलच्या तोंडाशी साधारण १ किलोपास्कल ओढ आहे. पाणी चढण्याऐवजी नळीतून बुडबुडे निघाले तर टोक आत आहे आणि हवा उलटी घुसतेय. कप वर असल्यामुळे तुम्हाला फार ओढ नको आहे, पण ती उलटी असता कामा नये. ओढ स्थिर राहते अशी जागा निवडा. शिमच्या जाडीने कॅपचा शंकूही पुढे सरकतो का ते ड्रॉइंगवर तपासा. सरकत असेल तर शिम कॅपच्या बाजूने द्यावी लागेल आणि दिशा उलटी धरावी लागेल.

---

सुईदोरा

हवेबद्दल वर बोलून झालं आहे, मी नीडल आणि ट्रिगरवर लिहितो. थुंकण्याचा दोष पूर्णपणे इथला आहे.

नियम असा: आधी हवा, मग रंग. सोडताना आधी रंग बंद, मग हवा. रंग हवेच्या एक क्षण आधी आला तरी तो न फुटता थेंबाच्या रूपाने पडतो. तुमच्यात दोन्ही एकदम उघडतात, आणि हवेला कोठी भरायला जरा वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात रंगच आधी पोचतो. ट्रिगर आणि नीडलवरची कॉलर यांच्यात मोकळी जागा ठेवा. नीडलच्या रेषेत मोजली तर २ ते ३ मिमी. या प्रवासात फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडेल, नंतर ट्रिगर कॉलरला टेकेल. बोटालाही ती पायरी जाणवते. अर्ध्या ट्रिगरवर नुसत्या हवेने धूळ उडवता येते, तो वेगळा फायदा.

नीडलचा प्रवास किती हवा याचा हिशेब करा, नाहीतर नॉब अर्धा निरुपयोगी ठरतो. नीडलचा एकूण कोन २० अंश आणि भोक १.४ धरलं तर नीडल १ मिमी मागे आल्यावर मोकळं क्षेत्रफळ ०.६७ चौमिमी, २ मिमीला १.१५, ३ मिमीला १.४५. अख्खं भोक १.५४ चौमिमीचं. म्हणजे ३ मिमीनंतर नीडल काहीही नियंत्रण करत नाही. रंगाच्या नॉबचे आटे बारीक पिचचे घ्या आणि हे ३ मिमी त्याच्या तीन-चार फेऱ्यांत पसरवा.

नीडल बसते ती जागा नोझलच्या अगदी तोंडाशी ठेवा. ती आत राहिली तर बसण्याची जागा आणि तोंड यांच्यामध्ये रंगाचा एक थेंब साठतो. पुढच्या वेळी ट्रिगर ओढला की तो थेंब आधी उडतो. हवा आधी सोडूनही थुंकणं राहिलं तर हेच बघा. दोन्ही शंकूंच्या कोनात अर्धा ते एक अंश फरक ठेवा, म्हणजे संपूर्ण शंकू न टेकता एक बारीक रेषा टेकते आणि घट्ट बंद होते. शेवटी बारीक पेस्टने दोन्ही एकमेकांवर हलक्या हाताने घासा, आणि ती जोडी पुढे कायम जोडीच समजा. जुन्या नोझलमध्ये नवी नीडल घातली की गळते.

पॅकिंग टेफ्लॉनचं. ग्लँडची (पॅकिंग दाबून धरणारी) नट नीडल अडेपर्यंत घट्ट करा आणि तिथून जेमतेम ढिली. फार घट्ट असेल तर स्प्रिंग नीडलला पूर्ण पुढे नेत नाही आणि ट्रिगर सोडल्यावर रंग ठिबकत राहतो. फार ढिली असेल तर मागून रंग गळतो, शिवाय तिथून हवा ओढली जाऊन फवारा धडधडतो. वंगण सिलिकॉनविरहितच. सिलिकॉनचा अंशही रंगात गेला तर पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि ते पुन्हा फवारून झाकले जात नाहीत.

नोझल काढताना, बसवताना नीडल काढून ठेवा किंवा ट्रिगर ओढून धरा. पुढे आलेल्या नीडलवर नोझल आवळलंत की ती घासलेली रेषा एका फेऱ्यात खराब होते.

---

रंगपट्टा

डिझाइनवर बोलणारे इथे आहेतच. फवारा वाचायचा कसा ते मी लिहितो, कारण मापं बदलताना दर वेळी काय बदललं हे कळलं नाही तर अंधारात तीर मारल्यासारखं होईल.

भिंतीला मोठा कागद लावा, गन १५० ते २०० मिमी लांब धरा. कॅप अशी फिरवा की हॉर्न वर-खाली येतील आणि पट्टा आडवा पडेल. गन न हलवता ट्रिगर दाबून धरा, रंग ओघळायला लागेपर्यंत, मग सोडा. आता ओघळांच्या लांब्या बघा. सगळे सारखे उतरले तर वाटणी बरोबर. दोन्ही कडांचे लांब आणि मधले आखूड, तर हॉर्नची हवा जास्त किंवा रंग कमी. मधलेच लांब, तर हवा कमी किंवा रंग घट्ट. एकाच कडेचे लांब असतील तर कॅप अर्धा फेरा, बरोबर १८० अंश फिरवा आणि नव्या कागदावर पुन्हा मारा. जड बाजू कॅपबरोबर फिरली तर दोष कॅपमध्ये. जिथल्या तिथे राहिली तर दोष नोझलमध्ये: ओठाला टवका, सुकलेला रंग किंवा वाकलेलं टोक. बॉडी उघडायच्या आधी ही चाचणी कराच. ओघळ मोजायला पट्टी लागत नाही, लांबून नुसतं बघितलं तरी कळतं.

थेंबांची बारीकी बघायला उलट करा: पट्टा उभा, ट्रिगर क्षणभरच ओढून सोडायचा. भिंगातून कडेचे ठिपके आणि मधले ठिपके बघा. कडेला बारीक आणि मध्ये खसखशीएवढे असतील तर मधली फट अजून अपुरी आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. पहिल्या नमुन्यालाच ०.७ बारचा आग्रह धरू नये असं मला वाटतं. त्या दाबावर घट्ट प्रायमर नीट फुटत नाही आणि कॅपच्या प्रत्येक चुकीचा दोष रंगाला दिला जातो. आधी कॅपपाशी १ बारच्या थोडं वर ठेवून समकेंद्रीपणा आणि वाटणी जुळवा, मग दाब खाली आणत क्षेत्रफळं सुधारा. एचव्हीएलपीचा फायदा खरा आहे: ६५ टक्के किंवा त्याहून जास्त रंग वस्तूवर बसण्याची अपेक्षा असते, जुन्या जास्त दाबाच्या गनमध्ये बराच रंग धुकं होऊन उडून जातो. पण तो फायदा थेंब बारीक झाल्यानंतरचा. ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर) आला तर वाचलेला रंग घासण्यातच जातो.

१.४ नोझल पातळ बेसकोट आणि क्लिअरसाठी ठीक. प्रायमरला १.७ ते २.० लागेल, आणि त्यासोबत टोकाचा बाहेरचा व्यास वाढतो, म्हणजे कॅपही वेगळी. आत्ताच तिची जागा ड्रॉइंगमध्ये धरून ठेवा.

हवा कोरडी हवी हे सगळे सांगतात, इथे कारण आकड्यात दिसतं: २७ अंशांची हवा ०.७ बारवरून बाहेर पडताना धारेत उणे १५ अंशांपर्यंत गार होते. त्यात थिनर उडताना आणखी उष्णता घेतं. दमट हवेत, झटपट उडणारं थिनर वापरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलंत तर पृष्ठभागावर पाणी बसून पांढुरकी झाक येते. दोष गनचा वाटतो, असतो थिनरचा.

धुण्याबद्दल, जिवाशी गाठ आहे म्हणून: क्लोरीन असलेले सॉल्व्हंट अॅल्युमिनियमच्या गनमध्ये कधीही घालू नका, दाबाखालच्या बंद जागेत त्यांची अॅल्युमिनियमशी होणारी क्रिया स्फोटापर्यंत जाऊ शकते. आणि चाचणीला दोन घटकांचा आयसोसायनेटवाला रंग वापरत असाल तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, साधा कापडी मास्क निरुपयोगी आहे. पहिल्या चाचण्या साध्या एका घटकाच्या रंगावर घ्या. कॅपची भोकं लाकडी काडीने किंवा नायलॉनच्या ब्रशने साफ करा. स्टीलची तार ०.८ चं भोक एका वेळेत ०.९ चं करते.

---

यंत्ररेखा

दोन तुकड्यांची कॅप, २.४ चं टोक, ४.२ चं भोक, हॉर्न १.६, पसरवणारी रिंग, ट्रिगरला २.५ मिमी मोकळीक, एवढं झालं. टोक ०.३ बाहेर. कॅपपाशी १.१ बार ठेवून ओघळ जवळपास सारखे येतात, थुंकणं थांबलं. ०.७ ला मधले ओघळ किंचित लांब.

कपातले बुडबुडे मात्र आहेत तसेच. अर्धा ट्रिगर दाबून नुसती हवा सोडली तरी येतात. पॅकिंग बदललं, फरक नाही. कपाच्या झाकणाचं भोक मोकळं आहे.

---

सुईदोरा

अर्ध्या ट्रिगरवर येतात हेच उत्तर आहे. तेव्हा नीडल बंद असते, म्हणजे हवा नोझलच्या तोंडातून मागे येऊ शकत नाही. पॅकिंगपाशी दाबाची हवाच नसते, म्हणून ते बदलून फरक पडणार नव्हता. राहिली एकच जागा: नोझलची पाठ बॉडीवर जिथे टेकते ती. त्या शंकूच्या बाहेर दाबाची हवा आणि आत रंग. तिथे केसाएवढी वाट असली तरी हवा रंगात शिरून वर कपात जाते. बुडबुडे फक्त पूर्ण ट्रिगरवर आले असते तर टोक आत आहे किंवा कॅपचं तोंड तुंबलंय असं म्हटलं असतं.

नोझल काढा, पाठीच्या शंकूला निळ्या मार्किंगचा अगदी पातळ थर लावा, हाताने टेकवून पाव फेरा फिरवा आणि बॉडीतली जागा टॉर्चने बघा. निळं वर्तुळ अखंड हवं. एका बाजूला तुटलं असेल तर बॉडीतला शंकू नोझलच्या आट्यांशी समकेंद्री नाही. बॉडी पुन्हा धरून शंकू आणि आटे एकाच पकडीत घ्यावे लागतील. वर्तुळ अखंड पण रुंद आणि फिकट असेल तर कोन तंतोतंत जुळल्यामुळे दाब विखुरतोय, नोझलचा कोन एक अंशाने बदला. शंकूऐवजी तात्पुरता टेफ्लॉनचा वॉशर घालून चाचणी पुढे नेता येईल, पण वॉशरच्या जाडीने टोक पुढे येईल, तेवढी शिम कमी करा.

---

हवेचा_हिशेब

०.७ ला मधले ओघळ लांब आहेत त्यासाठी मधल्या फटीला हात लावू नका. आधी हॉर्नच्या कोठीवरचा गेज वाचून सांगा. मधल्या कोठीला ०.७ आणि हॉर्नला ०.५ किंवा कमी दिसत असेल तर फॅनच्या व्हॉल्व्हची वाट अरुंद आहे. त्या वाटेचं क्षेत्रफळ हॉर्नच्या ८ चौमिमीच्या निदान अडीचपट, म्हणजे २० चौमिमी करा. गोल भोक असेल तर ५ मिमीचं. दोन्ही गेज सारखे असतील तरच हॉर्नची भोकं १.६ वरून १.७ करा. चारही.